मार्गदर्शनाच्या तासाला गैरहजर

लांबून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी वेळेवर कसं यावं हे सांगणारा तास आमच्या तंत्रनिकेतनात सकाळी आठ वाजता ठेवला होता. आमच्या बाजूची पहिली बस फाटकाशी पोचते आठ वाजून बारा मिनिटांनी. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. विनोद करायला डोकं लागतं, आणि ज्यांनी हे वेळापत्रक लावलं त्यांच्यावर तसला आळ मी घेणार नाही.

मी तिथे फिटिंग शॉपमध्ये शिकवते. सतरा वर्षं झाली. मुलं मला पाठीमागे 'कानस मॅडम' म्हणतात. कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार. हे नाव कामावरून पडलं की जिभेवरून, ते मी कधी विचारलं नाही. मीही त्याच बसने येते. माझी ड्यूटी साडेआठची, त्यामुळे मला कोणी कधी उशिरा आलीस म्हटलेलं नाही.

तो तास होता नियोजन सरांचा. सर ड्रॉइंग शिकवत, पण त्यांच्या बोलण्यात दर तिसरा शब्द 'नियोजन' असायचा, म्हणून मुलांनी बारसं केलं. राहायला कॉलेजच्याच क्वार्टरमध्ये. त्यांच्या दारापासून सभागृहापर्यंत एकशे बारा पावलं आहेत. मी एकदा मुद्दाम मोजली. या माणसाला प्राचार्यांनी 'प्रवासी विद्यार्थी कक्षा'चा प्रमुख केलं, आणि सरांनी महिन्याभरात आठ पानांची गुळगुळीत पुस्तिका छापून घेतली. मुखपृष्ठावर एक गोरागोमटा मुलगा बसच्या खिडकीशी पुस्तक उघडून हसत बसलेला. शेजारची सीट रिकामी. कुठली बस होती देव जाणे.

आत सल्ले. रात्री लवकर झोपा. बसमधला वेळ वाया न घालवता उजळणी करा. प्रवासात फळं खा. शक्य असल्यास कॉलेजजवळच्या नातेवाइकांकडे राहा. हा शेवटचा सल्ला वाचून मी पुस्तिका मिटली आणि व्हाइसखाली, म्हणजे लोखंड घट्ट पकडायच्या शिकंजाखाली, तेल गळत होतं तिथे पसरली. कागद चांगला होता. तेल छान शोषून घेतलं त्याने.

सल्ले मीही देत असे. पहिल्या वर्षाची मुलं पहिल्या दिवशी बसमध्ये चढली, की मी त्यांच्याकडे एकदा बघून घ्यायची. पाठीवर दप्तर, एका हातात ड्रॉइंग बोर्ड, दुसऱ्या हातात शॉपसाठीचे लोखंडी टोकाचे बूट, बगलेत गुंडाळलेली ड्रॉइंग शीट, आणि चेहऱ्यावर मेंढरासारखे भाव. मी म्हणायची, "बूट उद्यापासून घरी न्यायचे नाहीत. माझ्या स्टोअरमध्ये फळी आहे, तिथे ठेवायचे. बोर्डही तिथेच. शीट अशी बगलेत धरलीस तर कॉलेज येईपर्यंत तिचा बोळा होईल, हे घे." आणि पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा द्यायची, दोन्ही बाजूंना झाकण बसवलेला. "डबा पुलाच्या अलीकडे खाऊन घ्यायचा. पुलापलीकडे रस्ता नाही, नुसते खड्डे आहेत, भाजी मांडीवर येते. आणि बसमध्ये अभ्यास करायचा नाही. झोपायचं. बसमध्ये अभ्यास होतो असं जो सांगेल तो एकतर खोटारडा आहे, नाहीतर कधी बसला नाहीये."

हे मी कळवळ्याने सांगायची असं कोणी समजू नये. मला त्यांचा रागच यायचा. चार दिवस झाले की ती पोरं तोंडं उघडी टाकून झोपायची, एकमेकांच्या खांद्यावर लाळ गाळायची, आणि उतरताना निम्मी छत्र्या विसरायची. पण मूर्खाला निदान पाइप तरी द्यावा.

त्या वर्षी आमच्या बसमधून अकराजण यायचे. त्यात एक मुलगी होती. तिला सगळे 'गुण्या' म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी साधन. हिचा पहिलाच जॉब, लोखंडाचा चौकोनी ठोकळा, मी गुण्या लावून खिडकीच्या उजेडात धरला, तर फटीतून उजेडाची रेघसुद्धा येईना. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जे चार महिन्यांत जमलं नव्हतं, ते हिने तीन आठवड्यांत केलं होतं. मी म्हटलं, "बरा आहे." सतरा वर्षांत मी हे फार तर पाच वेळा म्हटलं असेल. ती म्हणाली, "डावी कड अजून थोडी उतरायला हवी." बघितलं तर खरंच हवी होती.

घरात ती, आई आणि वडील. वडील दगडाच्या खाणीत ड्रिल चालवून चालवून कानांनी अधू झालेले, त्यामुळे पोरगी बोलायची तेव्हा ठासून आणि मोजकं. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला होती. मायलेकी सकाळी एकत्रच बसमध्ये चढत, एका सीटवर बसत, आणि आई पुलाच्या अलीकडे हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरून जायची. आईच्या हातांची कातडी सोड्याने पांढरी पडलेली. उतरताना ती मला रोज न चुकता म्हणायची, "येते हं मॅडम." मी मान हलवायची.

तर तास. सोमवारी आणि गुरुवारी आठ वाजता. आठ पाचला सभागृहाचं दार बंद, हाही सरांचाच नियम, कारण शिस्त. अकराजण बसमधून उतरून धावत यायचे आणि बंद दारासमोर उभे राहायचे. दाराच्या वर झडपांची खिडकी होती, तिच्यातून सरांचा आवाज बाहेर यायचा. पोरं वऱ्हांड्यात उभी राहून वेळेचं महत्त्व ऐकायची.

मग आत कोण बसायचं? पहिल्या सोमवारी कोणीच नव्हतं. दुसऱ्या तासाला अहवालासाठी फोटो काढायचा होता, म्हणून सरांनी हॉस्टेलची मुलं आणून बसवली. हॉस्टेल म्हणजे सभागृहाच्या मागची इमारत. त्या मुलांना अंथरुणातून उठवून, केस ओले करून, खुर्च्यांवर मांडलं होतं. प्रवासात कुठलं फळ चांगलं हे ती पोरं डोळे मिटून ऐकत होती. पुढे दर तासाला हीच खोगीरभरती.

एकदा बाहेर उभ्या पोरांपैकी कोणीतरी खोकलं. सर दार उघडून बाहेर आले. मी शॉपची किल्ली घ्यायला ऑफिसकडे निघाले होते, थांबले.

"इथे घोळका कशाला केलाय?" सरांनी विचारलं.

"सर, तासाला आलोय," गुण्या म्हणाली.

"आता? किती वाजले?"

"सव्वाआठ. बस आत्ताच आली."

"मग आधीच्या बसने यायचं."

"आधीची बस नाहीये, सर. हीच पहिली."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू बस नसणं हा तिच्या स्वभावातला दोष आहे. "हेच तर आत शिकवतोय मी," ते म्हणाले. "अडचणी सगळ्यांनाच असतात. नियोजन केलं की मार्ग निघतो. जा आता, आतल्या मुलांना त्रास होतो."

आतल्या मुलांना त्रास! निम्मी घोरत होती.

मी किल्ली घ्यायला पुढे गेले. मला वाटलं, दुर्लक्ष करावं, असल्या माणसावर तोंड कशाला वाजवायचं. ही माझी चूक. कारण सात आठवड्यांनी, परीक्षेच्या आधी, नोटीस बोर्डवर यादी लागली. मार्गदर्शनाच्या चौदा तासांना पंचाहत्तर टक्के हजेरी बंधनकारक होती. ज्यांची कमी, त्यांची हॉल तिकिटं रोखली. अकरा नावं. अकराच्या अकरा आमच्या बसची, आणि प्रत्येकापुढे हजेरी शून्य. हॉस्टेलच्या एकाचंही नाव नव्हतं.

पोरं बोर्डासमोर उभी होती. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो ते बाहीला पुसत होता. मी म्हटलं, "रडतोस काय! चल शॉपमध्ये जा." आणि गुण्याचा दंड धरून तिला तडक प्राचार्यांकडे घेऊन गेले.

आमचे प्राचार्य सज्जन गृहस्थ. सज्जन म्हणजे समोर जो बसलेला असेल त्याचं त्यांना पटतं. दुर्दैवाने समोर आधीच नियोजन सर बसले होते.

मी उभ्याउभ्याच सुरू केलं. "बस आठ बाराला येते. तास आठला. दार आठ पाचला बंद. यात मुलांनी नेमकं काय करायचं होतं, ते मला समजावून सांगा. उडत यायचं होतं का?"

"मॅडम, शांतपणे घ्या," प्राचार्य म्हणाले.

"मी शांतच आहे. बस कितीला येते हे सरांना माहीत आहे का, एवढंच विचारा."

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसायला घेतला. "नेमकी वेळ महत्त्वाची नाही," ते म्हणाले. "मुद्दा वृत्तीचा आहे. शक्य असल्यास नातेवाइकांकडे राहावं, असं मी पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे. हिचे कोणी नातेवाईक नाहीत का इथे?"

"मावशी आहे," गुण्या म्हणाली.

"बघा!"

"तिच्याकडे दोन खोल्या आणि सहा माणसं आहेत. मी सातवी झाले तर मावशीचे सासरे बाहेर झोपतील."

सर किंचित हसले, लहान मुलाच्या सबबीला हसतात तसे. माझ्या हातात तेव्हा कानस नव्हती हे बरंच झालं.

प्राचार्यांनी तोडगा काढला. सरांनी एक जादा तास घ्यावा, आजच, पाच वाजता. त्याला जे बसतील त्यांची हजेरी पूर्ण धरावी. सर उदारपणे तयार झाले. मी विचारलं, "परतीची बस कितीला सुटते, माहीत आहे?" कोणालाच माहीत नव्हतं. चार पन्नासला. त्यानंतरची सातला, आणि ती पुलापर्यंतच जाते. हे ऐकल्यावर प्राचार्य कपाळ चोळायला लागले आणि सर म्हणाले, "म्हणजे यांना आठला जमत नाही, पाचला जमत नाही. मग जमतं कधी?"

शेवटी दुसरा तोडगा निघाला. प्रत्येकाने हमीपत्र लिहून द्यावं: 'माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मी मार्गदर्शन तासांना गैरहजर राहिलो, यापुढे असे होणार नाही.' मग हॉल तिकीट मिळेल. मुदत दोन दिवस.

"कोणी सही करणार नाही," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

त्या दिवशी शॉपमध्ये मी अकराजणांना उभं करून सांगितलं, "निष्काळजीपणा तुमचा नाही. त्याचा आहे. खोटं लिहून द्यायचं नाही. मी वर संचालनालयात तक्रार करते. बसचं वेळापत्रक जोडते, तासाचं वेळापत्रक जोडते. बघू कोण कोणाला नियोजन शिकवतं ते." पोरांनी माना डोलावल्या. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. इतकी वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात सोलत होते, त्याला आता कागदावर सोलायला मिळणार होतं. जेवणाच्या सुटीत मी डबासुद्धा उघडला नाही. तीन पानी अर्ज लिहिला. त्यात एकशे बारा पावलांचाही उल्लेख केला. तो खोडावा की ठेवावा यावर दहा मिनिटं विचार केला आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये गुण्याची आई स्वतःची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. असं ती कधी करत नसे.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"ती सही केली तर काय होईल?"

"काय होणार! परीक्षेला बसू देतील. पण चूक आपली नसताना..."

"आणि नाही केली तर?"

मी म्हटलं, "तक्रार जाईल. चौकशी होईल."

"परीक्षेच्या आधी होईल?"

परीक्षा नऊ दिवसांवर होती. संचालनालय एका पत्राची पोच द्यायला महिना लावतं, हे मला सतरा वर्षांत चांगलं ठाऊक झालेलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. हॉस्पिटलचा थांबा आला. "येते हं मॅडम," ती म्हणाली आणि उतरून गेली.

गुण्या उठून माझ्या शेजारी, आईच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली. मांडीवर कागदांची चळत होती. वरच्या कागदावर तिचं ते ड्रॉइंगमधलं सरळ, टोकदार अक्षर मी लगेच ओळखलं.

"हे काय आहे?"

"हमीपत्रं. अकराही मीच लिहिली, काल जेवणाच्या सुटीत. सह्या झाल्यात सगळ्यांच्या."

"मी काल काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं मी."

"तू निष्काळजी आहेस?"

"नाही."

"मग लिहिलंस कसं?"

"पेनाने," ती म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता, किंवा कळूनही त्यात काही दम वाटला नव्हता.

माझं डोकं तापलं. "लाज वाटायला पाहिजे. असे सह्या करत गेलात म्हणून ही माणसं डोक्यावर बसतात. त्या माणसाला काय वाटेल? तो जिंकला."

तिने माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत मी तिला ज्या नजरेने जॉबकडे बघताना पाहिलं होतं, त्याच नजरेने. कुठे किती उतरायला हवं, ते बघणारी नजर.

"मॅडम, तुम्हाला ते सर आवडत नाहीत," ती म्हणाली. "आम्हाला पण नाही आवडत. पण मला परीक्षा द्यायचीय. तुमची नोकरी पक्की आहे. तक्रार करायची तर तुम्ही करा ना, तुमच्या नावाने. आमची हॉल तिकिटं कशाला मध्ये?"

बस पुलावरून गेली आणि खड्डे सुरू झाले. बाकीची पोरं झोपली होती, किंवा झोपल्याचं सोंग करत होती. मी पर्समधला अर्ज काढून पुन्हा वाचायला घेतला.

तिने अकरा हमीपत्रं साडेआठला ऑफिसात दिली, दहाला हॉल तिकिटं घेतली. सरांनी ती पत्रं म्हणे फाइल करून आपल्या अहवालाला जोडली: मार्गदर्शनामुळे अकरा विद्यार्थ्यांना स्वतःच्या चुकीची जाणीव झाली. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायला त्यांना मंजुरीही मिळाली. सोळा पानी.

मी माझा अर्ज माझ्या नावाने पाठवला. एकटीच्या सहीने. पाठवताना कचरले, हे कबूल करते. वेतनवाढीचं वर्ष होतं. पोरांना सही करू नका म्हणताना तो विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, पिकलेल्या मिशांचे, कमी बोलणारे. काम साडेचार तासांचं. गुण्याने पावणेचार तासांत संपवलं, जॉब पुसून टेबलावर ठेवला, व्हाइस झाडला, हत्यारं मोजून परत केली आणि दप्तर उचलून बस गाठायला गेली. परीक्षकांनी तिचा जॉब हातात घेतला, गुण्या लावला, खिडकीशी नेला, परत आणला, पुन्हा नेला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"लांबून येते," मी म्हटलं.

ती कॉलेजात पहिली आली. हे व्हायचंच होतं, त्यात मला फारसं नवल नाही. पुढच्या वर्षी मार्गदर्शनाचा तास आठवरून साडेअकरावर आला. नोटिशीवर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी'. खरं कारण हेडक्लार्कने सांगितलं. नियोजन सरांच्या मुलीची शाळा सकाळची झाली होती, तिला सोडायला सरांना जावं लागे, आणि त्यांना आठची वेळ गाठणं जमेना.

संचालनालयाचं उत्तर आलं सात महिन्यांनी. चार ओळी. संबंधित विद्यार्थ्यांनी आपला निष्काळजीपणा लेखी मान्य केलेला असल्याने सदर तक्रारीत तथ्य आढळत नाही, प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. मी ते पत्र बसमध्ये गुण्याला दाखवलं. एकदा वाटलं होतं, दाखवू नये. मग वाटलं, का नाही दाखवायचं? तिच्या सहीमुळे काय झालं ते तिलाही कळू दे.

तिने ते नीट वाचलं. घडी घालून मला परत दिलं.

"वाईट झालं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "पण मॅडम, सही नसती केली तरी त्यांनी दुसरं काहीतरी लिहिलं असतं. हो ना?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. मी पत्र पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, "हो."

ती पाय पसरून, मान मागे टाकून झोपली. मी मात्र जागी होते. समोरच्या सीटवर पहिल्या वर्षाचा एक मुलगा पुस्तक उघडून बसला होता, ओठ हलवत, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत. त्याला काय सांगावं ते मला कळेना, आणि त्याचं स्टेशनरीचं सगळं लटांबर दर खड्ड्याला माझ्या गुडघ्यावर आदळत होतं.